खरकटेसाहेबांचं गटार

पालिकेतला एक माणूस फुलं चोरतो, ही बातमी मला आमच्या इस्टेटीतल्या गणपतीच्या पुजाऱ्याने दिली. इस्टेट म्हणजे वसई पूर्वेला पत्र्याच्या गाळ्यांची जी वसाहत आहे ती, आणि गणपती म्हणजे फाटकाशी टाइल लावलेली एक खोली. खोलीच्या मागे जास्वंदीचं झाड होतं. "दर मंगळवारी येतो," पुजारी सांगत होता. "पांढरी पँट, पांढरा शर्ट, हातात डबा. दोन फुलं तोडतो आणि देवाकडे मान वळवूनही न बघता चालायला लागतो. ऐन मंगळवारी हो. वाहिली असती तर मी कशाला बोललो असतो?"

मी हसलो आणि विसरलो. पण तासाभराने तोच माणूस माझ्या गाळ्याच्या दारात उभा होता. हातात ॲल्युमिनियमचा डबा, डब्यात लाल फूल.

माझा गाळा प्लेटिंगचा. नळाच्या तोट्या, स्टुलांचे पाय, सायकलची हँडलं, वसई गावातल्या देवळांतल्या समया आणि चर्चमधले मेणबत्त्यांचे स्टँड, काहीही आणा; आम्ही त्यावर निकेल आणि क्रोम चढवून चकचकीत करून देतो. ज्या पाण्यात हे सगळं विसळलं जातं ते मात्र ॲसिडने आंबट आणि क्रोमने पिवळंधमक झालेलं असतं. ते आम्ही मागच्या मोरीतून नाल्यात सोडायचो. सगळी इस्टेट सोडायची. रंगवाला आपला रंग सोडायचा, झिपवाला आपलं तेल. नाल्याला वारागणिक वेगळा रंग असे आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

"मालक," तो माणूस म्हणाला, "तुमचं खरकटं कुठे टाकता?"

मला वाटलं, कामगारांच्या डब्यांची घाण बघायला आला असेल. मी बबनला, म्हणजे माझ्या सगळ्यात जुन्या कारागिराला, उष्ट्याची बादली दाखवायला सांगितलं. त्या माणसाने हात वर करून बबनला थांबवलं.

"ते नव्हे. घरी ताट मोरीत टाकण्याआधी त्यातलं उरलेलं बाजूला काढता ना? की भाताची शितं, हाडं, आंब्याच्या कोयी सगळं तसंच ढकलता? मोरी तुंबेल म्हणून नाही, दुसऱ्याला ते हाताने काढावं लागेल म्हणून आपण काढतो. पाण्याचंही तेच. ॲसिड तुमचं, क्रोम तुमचं. तुमचं खरकटं तुम्ही काढा आणि मग पाणी गटारात सोडा. पालिकेचा एवढाच नियम आहे."

त्या दिवसापासून इस्टेटीत त्यांचं नाव खरकटेसाहेब पडलं. खरं आडनाव मला माहीत आहे, पण त्या नावाने त्यांना आमच्या इथे कोणी ओळखलं नसतं. त्यांनाही नवं नाव कळलं असावं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

"साहेब, करतो," मी म्हणालो. "पण गटार कुठे आहे?"

हा प्रश्न माझ्या आधी सगळ्यांनी त्यांना विचारला होता. पालिकेची नियमांची एक सायक्लोस्टाइल चोपडी होती. कुठल्याशा मोठ्या शहराचे नियम आणून त्यांत गावाचं नाव तेवढं बदललेलं. एका पानावर बदलायचं राहून गेलं होतं, तिथे अजून तेच शहर होतं. कारखान्याचं पाणी सार्वजनिक गटारात सोडण्याआधी त्याचं आम्ल मारावं, तेल वेगळं करावं, धातू खाली बसवावा, तापलेलं असेल तर निववावं, असं त्यात कलमवार लिहिलं होतं. नियम चांगलेच होते. आमच्याकडे गटार तेवढं नव्हतं. नाला होता, तो मिठागरांच्या कडेने भातशेतीतून खाडीला जात होता. नियमांत नाल्याचं नाव नव्हतं.

खरकटेसाहेबांनी चोपडी मिटली. "गटार पालिकेने आणायचं आहे. ते पालिकेचं काम. आणेल तेव्हा आणेल. तुमच्या दारातून पाणी बाहेर पडतं तेव्हा ते कसं असतं, मी एवढंच विचारायला आलोय. पुढचं पुढे."

मग त्यांनी डबा उघडला. पालिकेने त्यांना पाणी तपासायचा कागद कधीच दिला नव्हता. मागणी करून करून थकल्यावर त्यांनी स्वतःचा कागद बनवायला घेतला होता. टीपकागदाच्या पट्टीवर जास्वंदीची पाकळी चोळायची. पट्टी जांभळट होते. आंबट पाण्यात बुडवली की लालभडक, चुन्याच्या पाण्यात हिरवी. शाळेत आपण सगळ्यांनी हा प्रयोग केलेला असतो आणि मार्क मिळाल्यावर सोडून दिलेला असतो. त्यांनी तो नोकरीभर केला. माझ्या मोरीत पट्टी बुडवली, ती कुंकवासारखी लाल झाली. ती त्यांनी माझ्या टेबलाच्या काचेखाली सारली आणि म्हणाले, "राहू दे इथे. येता-जाता दिसेल."

ते वसई गावात किल्ल्याच्या बाजूला सेसिलबाय नावाच्या बाईंच्या घरात दोन खोल्यांत भाड्याने राहत. देशावरून इकडे नोकरीला आले ते परत गेलेच नाहीत. लग्न केलं नव्हतं. सेसिलबायच्या अंगणातल्या जास्वंदीवर त्यांनी आधीच हात साफ केला होता; झाडाला फूल म्हणून टिकत नसे. ते कुठल्याही कारखान्यात चहा घेत नसत. मालकाचा चहा घ्यायचा नाही म्हणून नव्हे. "तुमच्या चहाचं पाणी कुठून येतं ते मला माहीत आहे," असं ते शांतपणे सांगत, आणि मग समोरच्या माणसालाही तो चहा जाईनासा होई. पांढऱ्या कपड्यांविषयी मी एकदा विचारलं. एवढ्या घाणीत फिरायचं, तर खाकी का नाही घालत? म्हणाले, "खाकीवर काय उडालं ते दिसत नाही." संध्याकाळपर्यंत त्यांचा शर्ट म्हणजे इस्टेटीचा नकाशा झालेला असे. निळा ठिपका रंगवाल्याचा, तेलकट डाग झिपवाल्याचा. ते बोट ठेवून सांगत. धुतल्यावरही न जाणाऱ्या डागांचे शर्ट त्यांनी टाकले नाहीत, तेच घालून त्या-त्या गाळ्यात जात.

रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. हा त्यांचा सगळ्यात मोठा त्रास होता. चिडका साहेब परवडतो. तो ओरडतो, आपण हात जोडतो, तो जातो. हे उलट्या बादलीवर बसून नियम वाचत, मोठ्याने, पोथी वाचावी तसे. एक कलम झालं की वर बघून विचारत, "समजलं?" समजलं म्हटल्यावर पुढचं कलम. समजलं नाही म्हटलं तर तेच परत. बबनला तर पाठ झाले होते. तोट्या क्रोमच्या टाकीत बुडवताना तो पुटपुटायचा, "तेल व वंगण वेगळे करावे, तेल व वंगण वेगळे करावे." कामगार हसायचे.

मी टाक्या बांधल्या त्या काही पुण्याईने नव्हे. दर मंगळवारी तो पांढरा शर्ट दारात बघून मी कंटाळलो. आचोळ्याला माझ्या घरी सोमवारी रात्री जेवताना मी गप्प असलो की बायको म्हणायची, "उद्या मंगळवार ना?" शेवटी एका मंगळवारी मी म्हणालो, "साहेब, सांगा कुठे खणायचं ते." ते बादलीवरून उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "मागची भिंत. आधी जाळी, मग तीन टाक्या." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे दिसला नाही. टाक्यांचा नकाशा मात्र घडी घालून खिशातच होता. किती महिने होता देव जाणे.

टाक्या झाल्या त्या दिवशी ते मंगळवार नसताना आले. पहिल्या टाकीत क्रोमचं पिवळं पाणी. त्यात त्यांनी सांगितल्याप्रमाणे बबनने पावडर टाकली, बांबूने ढवळलं, आणि डोळ्यांदेखत पिवळं पाणी हिरवं झालं. दुसऱ्यात चुन्याची निवळी. पाणी गढूळलं, फाटलं आणि गाळ खाली बसायला लागला. "शेठ, दूध नासलं," बबन म्हणाला. तिसऱ्या टाकीतून संध्याकाळी जे बाहेर आलं ते पाणीच होतं. रंग नाही, वास नाही. साहेबांनी पट्टी बुडवली, ती होती तशी जांभळट राहिली. ती त्यांनी आपल्या खिशात ठेवली. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. इतकी वर्षं मी वस्तू उजळून देत होतो, पाणी उजळलेलं पहिल्यांदा पाहिलं.

मग ते उजळलेलं पाणी भिंतीतल्या भोकातून नाल्यात पडलं. दोन हातांवर, खालच्या अंगाला, त्यात दळवीचं पाणी मिसळलं.

दळवी माझा शेजारी, झिपांना प्लेटिंग करायचा. माणूस वाईट नव्हता. भिंतीवर कोपर टेकून तो तमाशा बघत होता. "यार, तू पण ना," तो म्हणाला. "पाणी धुऊन नाल्यात टाकतोस. त्यात मी माझं टाकतो. खाली जाऊन दोघांचं सेमच ना?" साहेब चुन्याच्या पोत्याचं तोंड बांधत राहिले. पावडर आणि चुना यांच्यापायी माझा भाव दळवीपेक्षा वर गेला आणि तोट्यांचं जुनं गिऱ्हाईक त्याच्याकडे गेलं. चर्चचे स्टँड तेवढे राहिले. तरी मी चुना टाकत राहिलो. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. एकदा खरकटं दिसायला लागलं की ते तसंच ढकलता येत नाही, एवढंच.

हे असं किती तरी दिवस चाललं असतं. पण एका सकाळी इस्टेटीच्या फाटकावर खालच्या गावातल्या बायका आल्या. डोक्यावर टोपल्या होत्या. त्यांनी टोपल्या उतरवल्या आणि फाटकात उपड्या केल्या. निवट्या होत्या, खाडीच्या चिखलातले ते बोटभर मासे, सगळे मेलेले. आदल्या आठवड्यात कोणीतरी ॲसिडची अख्खी टाकी नाल्यात रिकामी केली होती. कोणी ते कधीच कळलं नाही. बायका शिव्या देत नव्हत्या. त्यांच्यातली एक म्हातारी, ठकूबाई, मला पाय दाखवत म्हणाली, "पान्यात पाय घातला का खाज सुटतं. भात पिवला परला. खाजनात निवटी नाय राहिली. आम्ही खायाचं काय?"

मी म्हणालो, "आजी, माझं पाणी साफ असतं."

तिने माझ्याकडे बघितलं. "आमच्याकरं येतं तवा त्याच्यावर तुजा नाव नसतं," ती म्हणाली.

याहून सरळ बोलणं मी त्या सगळ्या प्रकरणात ऐकलं नाही. खरकटेसाहेब फाटकाच्या खांबाशी उभे होते. त्या दिवशी त्यांनी फूल तोडलं नव्हतं. बायका गेल्यावर ते खाली बसले आणि निवट्या टोपलीत भरायला लागले. पुजारी घमेलं घेऊन आला. त्या दिवसानंतर त्याने फुलांवरून तोंड उघडलं नाही.

वरून आदेश निघाला. आठवड्याभरात इस्टेटीची वीज तोडायची. सूट फक्त त्यांना, ज्यांनी पाण्यावर नियमाप्रमाणे प्रक्रिया करून ते सार्वजनिक गटारात सोडलं आहे. मी आदेश वाचला आणि हायसं वाटून पालिकेत गेलो. तिथल्या टेबलामागच्या साहेबांनी मला परत वाचायला लावला. प्रक्रिया आहे, ठीक. गटारात सोडता का? नाही. मग तुमची प्रक्रिया धरता येत नाही. उलट, परवानगीशिवाय टाक्या बांधल्या हा वेगळाच मुद्दा. परवानगी का नाही? कारण ती गटाराच्या जोडणीबरोबरच मिळते.

मी तसाच खरकटेसाहेबांच्या टेबलाशी गेलो. नको ते बोललो. तुमच्या नादाला लागून गिऱ्हाईक गेलं, आता गाळाही जाणार. बबनला आणि बाकीच्या पोरांना काय सांगू? आपण खरकटं काढलं म्हणून आपल्याला टाळं लागलं, असं सांगू? आजूबाजूचे कारकून ऐकत होते. साहेब मान खाली घालून चोपडी चाळत होते. मला वाटलं, आता वाचून दाखवतात की काय. पण चोपडी माझ्याकडे फिरवून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. सार्वजनिक गटार म्हणजे पालिकेने बांधलेली, झाकलेली, तपासणीची झाकणं असलेली वाहिनी.

"लांबी लिहिलेली नाही," ते म्हणाले.

मला कळलं नाही. त्यांनी बोट खालच्या ओळीवर नेलं. "आणि ती कुठे जाते, तेही लिहिलेलं नाही."

दोन दिवसांनी सकाळी पालिकेचा ट्रॅक्टर माझ्या दारात आला. त्यात डेपोच्या आवारात गवतात पडलेले सिमेंटचे जुने पाइप होते, आणि नाल्यांच्या दुरुस्तीची गँग. खरकटेसाहेब स्वतः दोरी धरून उभे. माझ्या फाटकापासून दळवीच्या भिंतीपर्यंत खणलं, पाइप टाकले, दोन्ही टोकांना चौकोनी चेंबर बांधले, वर लोखंडी झाकणं. दळवीच्या भिंतीशी वाहिनी संपली आणि तिचं तोंड नाल्यात उघडलं. महाराष्ट्रात याहून आखूड गटार नसावं. गँगमधल्या एकाने फुटपट्टी मागितली आणि सगळे खो-खो हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी नारळ फोडला, माझ्या टाकीतली नळी चेंबरला जोडून घेतली आणि डब्यातली जास्वंद झाकणावर ठेवली. देवाला न वाहणारा माणूस तो.

"आता गटार आहे," ते म्हणाले. "दळवींना सांगा, टाक्या बांधल्या की त्यांच्या दारापर्यंत नेतो. मग पुढच्याच्या. ज्याचं खरकटं निघेल त्याच्या दारापर्यंत नेत जाऊ. नेता नेता खाडीच्या अलीकडे कुठेतरी पालिका आपल्याला भेटेलच."

हे ते गंभीरपणे बोलत होते. त्या क्षणी मलाही ते शक्य वाटलं. दळवीलाही वाटलं असावं, कारण त्याच दुपारी तो कोपर न टेकता, नीट फाटकातून आत आला आणि बबनला विचारू लागला की पहिली टाकी किती खोल घ्यायची.

वीज तोडायला आलेल्या अधिकाऱ्याने झाकण उघडलं, वाकून आत बघितलं, चोपडीत बघितलं आणि परत आत बघितलं. मग माझ्या नावापुढे खूण केली. इस्टेट अंधारात गेली. माझ्या गाळ्यात तेवढी मोटर चालू राहिली. अर्थात ती काही फार दिवसांची मिजास नव्हती. थोड्याच दिवसांत कोणी कोणाला तरी भेटलं, कुठून तरी फोन आला आणि सगळ्यांची वीज आली. टाक्या न बांधता. दळवीचा खड्डा अर्धा खणून झाला होता. त्यात त्याने भंगार टाकलं.

आणि चौकशी खरकटेसाहेबांची लागली. मेलेल्या निवट्यांची नाही, ॲसिडच्या टाकीची नाही. "कोठेही न जाणारे गटार विनाआदेश बांधल्याबद्दल." हे शब्द त्यांनी मला वाचून दाखवले, त्याच पोथीच्या आवाजात, आणि वर बघून विचारलं, "समजलं?" मी म्हणालो, समजलं. त्यांची बदली जन्ममृत्यूच्या खिडकीवर झाली. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच दाखले देत बसले. पांढरे शर्ट तिथे पांढरेच राहिले. एकदा मी पुतण्याच्या मुलाचा दाखला आणायला गेलो तर म्हणाले, "इथे नुसती शाईच उडते हो."

मंगळवार मात्र त्यांनी सोडला नाही. बदली झाली, निवृत्त झाले, तरी कामावर असल्यासारखे यायचे. पुजारी स्वतः फुलं तोडून ठेवायचा. ते यायचे, पट्टी बुडवायचे, बादलीवर बसायचे. पूर्वी दळवीच्या, रंगवाल्याच्या गाळ्यात जात, आता तिकडे जात नसत. अधिकारच नव्हता. बबन रिटायर होऊन गावाला गेला तेव्हा निरोपाला त्यांनी त्याला टीपकागदाची एक पुडी दिली. बबनने ती घेतली आणि माझ्याकडे असहाय बघितलं.

पुढे गुडघे गेले आणि त्यांचं येणं थांबलं. मंगळवारी मी उगाच दाराकडे बघत राहायचो.

आणि मग, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, खरं गटार आलं. पालिका मोठी झाली, योजना मंजूर झाली, तिपाई आणि दुर्बीण घेऊन पोरं गल्ल्या मोजत फिरली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी खणणारं यंत्र आलं आणि गल्लीत न शिरता सरळ पुढे गेलं. मी धावत जाऊन साइटवरच्या इंजिनिअरला गाठलं. चांगला मुलगा होता. त्याने नकाशा पसरून दाखवला. आमच्या गल्लीवर निळी रेघ होती, दोन टोकांना दोन टिकल्या.

"काका, इथे एक्झिस्टिंग लाइन आहे," तो म्हणाला. "मंजूर, जोडणी दिलेली. जिथे ऑलरेडी गटार आहे तिथे परत नाही टाकता येत."

मी त्याला काय सांगणार? तेवढी रेघ माझ्याच गाळ्यासाठी मारली गेली होती.

मी वसई गावात गेलो. सेसिलबायच्या अंगणात शिरलो आणि थबकलो. जास्वंद फुलांनी लगडली होती, खाली सडा पडला होता. "आता कोण तोडीत नाय," सेसिलबाय म्हणाली. "त्यांना सांगते, घ्या, तर नको म्हणतात. कशाला उगीच, म्हणतात." ते आतल्या खोलीत खाटेवर बसले होते, पांढऱ्या शर्टात. मी ठरवून आलो होतो की सांगायचं नाही. पण त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गटार आलं म्हणे?" आणि मला त्यांच्याशी खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमची गल्ली माझ्यामुळे राहिली," ते म्हणाले.

"माझा गाळा तुमच्यामुळे राहिला साहेब," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, हो नाही की नाही नाही. इतक्या वर्षांत मला त्यांचा कंटाळा आला होता, राग आला होता, कीव आली होती; त्या दुपारी मात्र माया आली आणि तिचं काय करायचं ते कळेना. मी त्यांचा हात धरला. त्यांना ते अवघडल्यासारखं झालं असावं. हात सोडवून त्यांनी उशाशी चाचपडून चोपडी काढली.

"नकाशावर गटार आहे ना?" ते म्हणाले. "मग वर्षातून एकदा त्यांना ते साफ करावं लागतं. कलम आहे. अर्ज करा."

तो आवाज जुना होता. मी हसत हसत रडलो, आणि सेसिलबाय दारातून बघत होती म्हणून चष्मा पुसला.

साहेब त्याच वर्षी गेले. मी अर्ज केला होता, निव्वळ त्यांनी सांगितलं म्हणून. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पण नियम आता बहुधा मशीनमध्ये घातलेले असतात. पावसाळ्याच्या आधी एका सकाळी गटारं साफ करणाऱ्यांची गाडी खरंच माझ्या दारात आली. मुकादम उतरला. पोरांनी माझ्या फाटकाचं झाकण उचललं, मग दळवीच्या भिंतीचं. बांबू घातला, बाहेर काढला, हाताने चाचपला. बांबूला काहीच लागलं नव्हतं. त्यांनी मुकादमाला बोलावलं. तो वाकला, आत बॅटरी मारली, नाक पुढे करून वास घेतला. शेजारी दळवीच्या भोकातून काळपट पाणी नाल्यात पडत होतं.

"काका, याच्यात साफ करण्यासारखं काय नाय," तो जरा घाबरल्यासारखा म्हणाला. "एवढ्या वर्षांत असं गटार मी बघितलेलं नाय. कोणाचं आहे हे?"

"खरकटेसाहेबांचं," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली, जणू त्याला ते नाव माहीत होतं. पोरांनी झाकणं परत बसवली आणि गाडी पुढच्या गल्लीत गेली. मी आत जाऊन चुन्याचं पोतं फोडलं.